मावळ–बोरघाट मार्गावरील ताज्या फळांचा व भाजीपाल्याचा व्यापार

पुणे जिल्ह्याच्या वायव्य भागातील मावळ तालुका व त्याच्या पश्चिम कडेवरील लोणावळे (लोणावळा)–खंडाळे हा घाटमाथा यांमधून देशावरील फळे व भाजीपाला मुंबईस आणि तेथील बंदरांतून व विमानतळावरून परदेशी जातो. ताजी फळे व भाजीपाला हा नाशवंत माल होय. धान्य, कापूस वा मसाले यांप्रमाणे तो भाव येईपर्यंत राखून ठेवता येत नाही. तोडणीनंतरही फळांचे श्वसन चालू राहते, त्यांतील पाणी कमी होत जाते व बुरशीचा शिरकाव होतो. त्यामुळे या व्यापारात अंतर मैलांपेक्षा तासांत मोजावे लागते. बोरघाटाचा इतिहास हा एका अर्थी हे तास कमी करण्याचा इतिहास आहे. तथापि घाट जसजसा सुगम झाला, तसतसा त्याचा लाभ मावळापेक्षा मावळापलीकडील बागायती प्रदेशांनाच अधिक झाला. मार्गावर असणे आणि व्यापारात वाटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

भौगोलिक पार्श्वभूमी : मावळ हा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या खोऱ्यांचा प्रदेश आहे. इंद्रायणी, पवना व आंद्रा या येथील प्रमुख नद्या असून पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही पोटविभागांची नावे आजही प्रचलित आहेत. तालुक्याचे मुख्य ठिकाण वडगाव असून तळेगाव दाभाडे व लोणावळे ही मोठी शहरे आहेत. लोणावळे समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर आहे. तेथे वार्षिक पर्जन्य सु. ४०० सेंमी. वा त्याहून अधिक पडतो. पूर्वेस तळेगावकडे तो झपाट्याने कमी होत जातो. अतिवृष्टीमुळे खरिपात भात हेच मुख्य पीक होय. आंबेमोहोर ही येथील जुनी सुवासिक जात. वडगाव येथील भात संशोधन केंद्रात तयार झालेली व १९८७ मध्ये प्रसारित झालेली ‘इंद्रायणी’ ही जात पुढे सर्वत्र पसरली. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल, पावटा, मसूर ही कडधान्ये घेतात. भाजीपाल्याचे पीक जेथे हिवाळ्यात व उन्हाळ्यात पाणी मिळते, तेथेच होते. याउलट पूर्वेकडील व उत्तरेकडील जुन्नर, खेड, हवेली, पुरंदर या तालुक्यांतील माफक पाऊस, निचऱ्याची जमीन व विहिरींचे पाणी ही फळबागांना व भाजीमळ्यांना अनुकूल ठरली. मावळ हा मार्ग व त्यापलीकडील प्रदेश हा मळा, अशी विभागणी निसर्गानेच काही अंशी करून ठेवली आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : मावळ या नावाचा संबंध सामान्यपणे मावळतीच्या दिशेशी जोडला जातो, तथापि कार्ले येथील लेण्यांतील सातवाहनकालीन लेखांत ‘मामाल’ आहाराचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, निर्देश असून त्यात या नावाचे प्राचीन रूप दिसते. कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी कोकणातील कल्याण व शूर्पारक (सोपारा) या बंदरांतून देशावर येणाऱ्या मार्गांच्या आसपास खोदलेली आहेत. कार्ले येथील दात्यांत धेनुकाकट या ठिकाणचे यवन आणि एक गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आढळतो. वैजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीचाही तेथे उल्लेख आहे. इ. स. पहिल्या शतकातील एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तेर येथून भडोचकडे गाड्यांनी जाणाऱ्या मालाचे वर्णन आहे. कल्याण हे बंदर एका राजाच्या काळी खुले असून पुढे तेथील व्यापारास अडथळा आला व तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असेही त्यात म्हटले आहे. सत्तांतराबरोबर बाजारपेठ बंद होणे, हा परदेशी व्यापारातील धोका एवढा जुना आहे.

या व्यापारात कापड, मौल्यवान खडे, सुगंधी द्रव्ये, मसाले यांसारखा टिकाऊ व वजनाच्या मानाने मोलाचा मालच होता. ताजे फळ घाट उतरून फार तर नजीकच्या बंदरापर्यंत जाई. समुद्रापार फळे गेली नाहीत. पण फळझाडे व भाज्यांचे बियाणे मात्र गेले व आले. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या दळणवळणामुळे अमेरिका खंडातील मिरची, पेरू, पपई, अननस, काजू यांचा पश्चिम किनाऱ्यावर प्रसार झाला व पुढे बटाटाही आला. आंब्याची कलमे बांधण्याची कला गोव्यात पोर्तुगीज धर्मप्रसारकांच्या प्रयत्नांनी वाढीस लागली आणि हापूस या जातीचे नावही पोर्तुगीज काळातीलच आहे. अशा रीतीने ताज्या फळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारापूर्वी सु. तीन शतके फळझाडांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण होऊन गेली होती.

मराठेशाहीत घाटातील वाहतूक लमाण व वंजारी यांच्या बैलांच्या तांड्यांमार्फत चाले. कोकणातून मीठ वर येई व देशावरून धान्य व गूळ यांसारखा माल खाली जाई. वाटेवर जकातीची नाकी असत. गोणीत भरून बैलाच्या पाठीवर लादता येईल व मुक्कामांच्या प्रवासात खराब होणार नाही, असाच माल या मार्गास मानवत असे.

घाटरस्ता व लोहमार्ग : मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटातून चाकांच्या वाहनांस योग्य असा रस्ता तयार होऊन १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. बैलाच्या पाठीवरचे ओझे गाडीवर आले, तरी पुणे ते मुंबई हा मालाचा प्रवास अनेक दिवसांचाच राहिला. खरा पालट लोहमार्गाने घडवून आणला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा खंडाळे–पुणे हा फाटा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. पण घाटातील काम अपुरे असल्याने पुढील पाच वर्षे घाटमाथ्यावर गाडीतून उतरविलेला माल बैलगाड्यांनी खोपोलीस आणून तेथे पुन्हा रेल्वेत भरावा लागे. नाजूक मालास ही उलाढाल सोसणारी नव्हती.

घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली हे होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये भारतात येताच मरण पावले व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले. सु. २४ किमी. लांबीच्या या चढात मार्ग सु. ५५८ मी. उंची गाठतो. काही ठिकाणी चढ १ : ३७ इतका तीव्र असून पंचवीस बोगदे खोदावे लागले. कॉलरा, ताप व अपघात यांमुळे हजारो मजूर मृत्युमुखी पडले. १८६३ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि घाटमाथ्यावरचा माल न उतरविता मुंबईस पोहोचू लागला. दुपारी तोडलेली भाजी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या बाजारात उभी करणे प्रथमच शक्य झाले.

त्याच दशकात मुंबईतील मागणीही संघटित झाली. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८६९ मध्ये पूर्ण झाली. सुएझ कालवाही त्याच वर्षी खुला झाला. पुण्यात १८८६ मध्ये उघडलेली रे मार्केट ही इमारत पुढे महात्मा फुले मंडई म्हणून प्रसिद्धीस आली. बटाटा हे जुन्नर व खेड भागातील नगदी पीक बनले. खेड–चाकण परिसरास मावळातील तळेगाव हे जवळचे रेल्वेस्थानक होते. मुंबईच्या बाजारासाठी हा परिसर दारात आल्यासारखा झाला.

घाटातील गाडीची दिशा बदलण्यासाठी असलेले ‘रिव्हर्सिंग’ स्थानक १९२९ मध्ये नव्या वळणमार्गामुळे बंद झाले व त्याच सुमारास कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण होऊन वाहतुकीचा वेग आणखी वाढला. याच्या आधी दोन दशके लोणावळे परिसरात टाटा जलविद्युत योजनेचे लोणावळे, वळवण व शिरवटा हे जलाशय बांधले गेले होते. त्यांतील पाणी पश्चिमेस घाटाखाली उतरवून खोपोली येथे १९१५ पासून वीज निर्माण होऊ लागली. मावळातील खोऱ्यांचे पाणी मुंबईच्या गिरण्यांना व विजेच्या वापरास उपयोगी पडले. खोऱ्यांतील जमिनीस त्याचे सिंचन लाभले नाही.

प्रशीतन व परदेशी बाजारपेठेचा आरंभ : ताजा शेतमाल समुद्रापार नेण्यास प्रशीतनाच्या (थंड करून राखण्याच्या) तंत्राची आवश्यकता होती. १८८२ मध्ये न्यूझीलंडहून ‘डनेडिन’ या जहाजाने गोठविलेले मांस लंडनला सुस्थितीत पोहोचविले व प्रशीतित जहाजवाहतुकीचे युग सुरू झाले. उष्ण कटिबंधातील फळांपैकी पहिले मोठे व्यापारी फळ केळे ठरले. कच्ची असतानाच तोडणे, थंड तळघरातून नेणे व पोहोचल्यावर बंद खोल्यांत पिकविणे, ही पद्धत मध्य अमेरिकेतील मळ्यांनी रूढ केली. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीने जमीन, लोहमार्ग, जहाजे व विक्री ही सर्व एकाच हाती घेतली. फळांच्या व्यापारात नफा शेताऐवजी साखळीत साठतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

भारतात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास पुण्यात झाला. पुण्याजवळील गणेशखिंड बागेस १८७३ पासूनची परंपरा होती. तेथील फळसंशोधन केंद्रात मुंबई सरकारचे उद्यानविद्यातज्ञ जी. एस. चीमा यांनी इंपीरियल कौन्सिल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्चच्या साहाय्याने १९३० नंतरच्या दशकात शीतगृहाचे प्रयोग केले. हापूस आंबा कोणत्या पक्वावस्थेत तोडावा, किती तापमानात तो किती दिवस टिकतो व फार थंडीने त्याची साल काळवंडून पिकण्याची क्रिया कशी बिघडते, या गोष्टी त्यांतून स्पष्ट झाल्या. उष्ण कटिबंधातील फळे सफरचंदाप्रमाणे शून्य अंशाजवळ ठेवता येत नाहीत, हा यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. मुंबईहून लंडनला जहाजाने सु. तीन आठवडे लागत. त्या काळात आंब्याच्या काही खेपा प्रायोगिक रीत्या तेथे पाठविण्यात आल्या. पण दुसऱ्या महायुद्धात जहाजे युद्धकार्यास गुंतली व हा प्रयत्न खंडित झाला. चीमा यांचे नाव त्यांनी निवडपद्धतीने तयार केलेल्या ‘चीमा साहेबी’ या द्राक्षाच्या जातीमुळेही परिचित आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर परदेशी मागणीस दोन घटनांनी चालना मिळाली. पहिली, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय उपखंडातील लोकांची वाढती संख्या. १९७२ मध्ये युगांडातून हद्दपार झालेली अनेक भारतीय कुटुंबेही तेथे गेली. भेंडी, कारली, दुधी, हिरवी मिरची, शेवग्याच्या शेंगा, अळू, कढीपत्ता यांसारख्या उष्ण कटिबंधातील भाज्यांना त्यामुळे थंड देशात नित्याचे गिऱ्हाईक लाभले. दुसरी घटना म्हणजे १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमतींत झालेली वाढ. इराणच्या आखाताभोवतीच्या देशांत कामगार व पैसा दोन्ही आले आणि मुंबईपासून सागरी मार्गाने जवळची अशी मोठी बाजारपेठ निर्माण झाली. पालेभाज्या व नाजूक फळभाज्या विमानाने, तर कांदा, डाळिंब, द्राक्षे यांसारखा तुलनेने टिकणारा माल जहाजाने, अशी वाटणी रूढ झाली. विमानभाडे वजनावर आकारले जात असल्याने भाजीच्या शेतावरील भावापेक्षा तिचे भाडे कित्येकदा अधिक होते.

देशांतर्गत बाजारव्यवस्था महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियम, १९६३ अन्वये नियंत्रित झाली. पुण्याचा घाऊक बाजार गुलटेकडी येथे गेला. मुंबईतील फळे व भाजीपाला यांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे हलविण्यात आला. शेतकरी आपला माल अडत्याकडे पाठवी व विक्रीनंतर त्याच्या हाती पट्टी येई. तीत अडत, हमाली, तोलाई व गाडीभाडे वजा केलेले असे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याच्या हत्ता पद्धतीऐवजी उघड लिलाव करावा, हा नियमनाचा एक प्रमुख हेतू होता. थोडा माल असलेल्या शेतकऱ्यास गाडीभाडे जड जाई व भाव पडल्यास पट्टीत काहीच उरत नसे. १९८४ मध्ये महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ व त्याच वर्षी राष्ट्रीय फलोद्यान मंडळ यांची स्थापना झाली. १९८५ च्या अधिनियमान्वये कृषी व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण (अपेडा) स्थापन झाले. १९९०-९१ पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीस अनुदान मिळू लागल्यावर राज्यातील फळझाडांखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांस बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आले.

वाहतुकीच्या दृष्टीने दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले व तेथून प्रशीतित कंटेनर सरळ यूरोपकडे जाऊ लागले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तळेगाव हे या बंदरापासून आता शंभर किमी.च्या आत आहे. १९९१ मध्ये द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभारली व तोडणीनंतर काही तासांतच द्राक्षे थंड करण्याची पूर्वशीतनगृहे बांधली. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव भागातील द्राक्षांचे कंटेनर चाकण–तळेगावमार्गे द्रुतगती मार्गास लागून मावळ ओलांडतात. बैलांच्या तांड्यांना ज्या वाटेवर अनेक मुक्काम करावे लागत, ती वाट आता काही तासांची झाली आहे.

परदेशी बाजारपेठेच्या अटी : घाटाचा अडथळा दूर झाला, त्याच सुमारास परदेशी बाजारपेठेने नव्या अडथळ्यांची उभारणी केली. पूर्वी लंडनच्या कोव्हेंट गार्डनसारख्या बाजारात माल अडतीवर विकला जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात ताज्या मालाची खरेदी मोठ्या साखळी दुकानांच्या हाती गेली. फळाचे वजन, रंग, गोडी व पेटीतील सारखेपणा आधीच ठरविलेला असतो; कमी पडल्यास संपूर्ण खेप नाकारली जाते. १९९७ मध्ये यूरोपातील विक्रेत्यांनी सुरू केलेली व पुढे ‘ग्लोबलगॅप’ या नावाने परिचित झालेली प्रमाणनपद्धती शेतावरील प्रत्येक फवारणीची नोंद मागते.

दुसरी अट कीटकनाशकांच्या अवशेषांची होय. यूरोपीय संघाने प्रत्येक द्रव्याची कमाल मर्यादा ठरविलेली आहे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्याने भारतीय द्राक्षांच्या अनेक खेपा तेथे नाकारण्यात आल्या व बागायतदार कर्जात सापडले. बागेपासून पेटीपर्यंतचा माग ठेवणारी ‘ग्रेपनेट’ ही पद्धती २००६ पासून होतीच. या घटनेनंतर तपासणी अधिक कडक झाली. तिसरी अट कीड व रोग यांच्या प्रसाराविषयीची आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या वनस्पतिस्वास्थ्यविषयक करारानुसार कोणत्याही देशास शास्त्रीय आधारावर आयात रोखता येते. कोयीतील भुंग्याच्या भीतीने अमेरिकेत दीर्घकाळ बंद असलेली भारतीय आंब्याची आयात २००७ मध्ये, लासलगाव येथील प्रारण केंद्रात फळांवर किरणांचा मारा करण्याच्या अटीवर सुरू झाली. यूरोपीय संघात २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या. त्यामुळे १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्या आयातीवर तेथे बंदी आली. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. पण एक संपूर्ण हंगाम गेला होता.

चौथी अनिश्चितता देशांतर्गत धोरणाची होय. शहरातील भाव वाढताच कांद्याची निर्यात बंद करण्यात आल्याची उदाहरणे २०१९, २०२० व डिसेंबर २०२३ मधील आहेत. अशा वेळी परदेशी खरेदीदार इतर देशांकडे वळतो व बंदी उठल्यावर तो परत येईलच असे नाही. जलमार्गही निर्धोक नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागली व यूरोपकडील प्रवास सु. १० ते १४ दिवसांनी लांबला. द्राक्षासारख्या फळाच्या आयुष्यातील हे दिवस ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच संपतात. फळे व भाजीपाला यांच्या उत्पादनात भारत चीनच्या खालोखाल जगात दुसरा असूनही ताज्या मालाच्या जागतिक निर्यातीत त्याचा वाटा अत्यल्प आहे, याचे कारण बऱ्याच अंशी या अटींत आढळते.

मावळातील उत्पादन व त्याचा वाटा : मावळाचे स्वतःचे फळ म्हणजे रानमेवा. वैशाख–ज्येष्ठात करवंदे व जांभळे आणि पावसाळ्यात करटोली, टाकळा, भारंगी, कुर्डू यांसारख्या रानभाज्या डोंगरातून येतात. ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांतील स्त्रिया ही फळे पानांच्या द्रोणांतून वा पाट्यांतून लोणावळे–खंडाळ्याच्या रस्त्यांवर विकतात. करवंद सकाळी तोडले, की संध्याकाळपर्यंत खपावे लागते. त्यास प्रतवारी नाही, शीतगृह नाही व अडत्याही नाही. म्हणून भाव वाटसरूच्या मर्जीवर अवलंबून राहतो. लोणावळ्याचे नाव देशभर पोहोचविणारा पदार्थ चिक्की हा आहे. शेंगदाणे व गूळ यांचा हा टिकाऊ पदार्थ असून त्याचा कच्चा माल मुख्यतः मावळाबाहेरून येतो. ताजे फळ जेथे अडखळते, तेथे कोरडा माल पुढे जातो, हा सातवाहनकालीन नियम या बाबतीत अद्याप बदललेला नाही.

१९९० नंतर या परिस्थितीत काही प्रमाणात फरक पडला. घाटमाथ्याजवळचे सौम्य हवामान, मुंबई विमानतळाचे सान्निध्य व पुण्याची बाजारपेठ यांमुळे तळेगाव परिसरात व पवन मावळात हरितगृहे उभी राहिली. औद्योगिक विकास महामंडळाने तळेगाव येथे पुष्पोत्पादनासाठी स्वतंत्र क्षेत्र राखले. मावळातील गुलाब फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी परदेशी जाऊ लागला. रंगीत ढोबळी मिरचीसारख्या भाज्याही याच हरितगृहांत घेतल्या जातात. फुले हा फळांहूनही नाजूक माल असल्याने तोडणी, पूर्वशीतन, प्रतवारी, संवेष्टन व शीतवाहन ही साखळी प्रथम त्यांच्यासाठी मावळात तयार झाली. राज्य कृषी पणन मंडळाने तळेगाव दाभाडे येथे स्थापन केलेल्या राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत या विषयांचे प्रशिक्षण शेतकऱ्यांस दिले जाते. मात्र हरितगृहास लागणारे भांडवल मोठे असून ते बहुधा कर्जाने उभे करावे लागते. केन्या व इथिओपिया या देशांतील विस्तीर्ण मळे यूरोपात कमी खर्चात गुलाब पोहोचवितात. लग्नसराईत देशातील भाव चांगला मिळाल्यास उत्पादक माल परदेशी पाठवीत नाहीत. परदेशी भाव व देशी भाव यांतील निवड करण्याची ही मोकळीक, हेच त्यांचे खरे बळ होय. लहान धारकांना ती एकत्र आल्यावरच लाभते. २००२ मध्ये कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर स्थापन होऊ लागलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या व गावपातळीवरील उत्पादक संघ यांचे महत्त्व त्यामुळे आहे.

जमीन व पाणी : या व्यापाराचे मूळ साधन जमीन व पाणी हे आहे आणि मावळात दोन्हींवर इतर मागण्यांचा दाब वाढत गेला. पवना धरणाचे पाणी मुख्यतः पिंपरी–चिंचवड या उद्योगनगरीस पुरविले जाते. धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेमुळे नदीपात्रातून उचलून घेतले जाणारे शेतीचे पाणी तुटेल, अशी भीती नदीकाठच्या शेतकऱ्यांस वाटली. या योजनेस विरोध करण्यासाठी ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकऱ्यांनी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्ग रोखला असता पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. ज्या मार्गाने इतरांची फळे परदेशी जातात, त्याच मार्गावर आपल्या पिकाच्या पाण्यासाठी मावळातील शेतकऱ्यांस उभे राहावे लागले. यातील विसंगती लक्षणीय आहे. तळेगाव व चाकण येथील औद्योगिक वसाहती, लोणावळ्याभोवतीची विश्रामगृहे व घरबांधणी यांमुळे जमिनीचे मोल पिकाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पटींनी वाढले असून भातखाचरे विकण्याकडे कल वाढला आहे. विकलेल्या जमिनीवर फळबाग पुन्हा उभी राहत नाही.

समारोप : दोन शतकांत बोरघाट अनेक दिवसांवरून काही तासांवर आला. प्रत्येक टप्प्यावर अंतर घटले आणि व्यापार वाढला. परंतु मूल्य जेथे माल निवडला, थंड केला, तपासला व ज्याच्या नावे पाठविला जातो, तेथेच साठले. रस्त्याने जोडला गेलेला प्रदेश आपोआप व्यापारी होत नाही. द्राक्षबागायतदारांनी सहकाराने व गुलाबउत्पादकांनी हरितगृहांच्या साखळीने जे साधले, ते मावळातील भाजीपाला, आंबा व रानमेवा यांच्या बाबतीत व्हावयाचे आहे. त्यासाठी लागणारे तंत्रज्ञान, प्रशिक्षण, बंदर व विमानतळ ही सर्व तालुक्याच्या हद्दीत वा हाकेच्या अंतरावर आहेत. गावपातळीवरील पूर्वशीतनाची व प्रतवारीची सोय, उत्पादकांचे संघटन आणि शेतीसाठी राखलेले पाणी व जमीन यांवर पुढील काळात मावळ हा केवळ घाटवाट राहणार की बाजारपेठेतील घटक होणार, हे अवलंबून आहे.